लासलगावचा कांदा आणि ढाक्याचं गिऱ्हाईक: जागतिक व्यापाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी मेळावा असो, कॉलेजातलं व्याख्यान असो की एखाद्या लग्नात पंगतीत शेजारी बसलेला माणूस असो, जागतिकीकरणाचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं. उदाहरणं मुख्यतः भारतातली, त्यातही महाराष्ट्र-गोव्यातली घेतली आहेत, कारण मी तीच जवळून पाहिली आहेत.

जागतिकीकरण १९९१ साली सुरू झालं, हे बरोबर आहे का?

नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला जागतिक बाजाराचा पहिला मोठा तडाखा बसला तो त्याच्या सव्वाशे वर्षं आधी.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या कापडगिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी फार मोठा भाग तोवर अमेरिकेतून यायचा. ती बंदरं बंद पडली आणि लँकेशायरचे गिरणीवाले मुंबईच्या दारात आले. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर सट्टा चालला. खेड्यांत सावकार हसतमुखाने कर्ज देऊ लागला, कारण कापूस पिकवणाऱ्याची पत एकाएकी वाढली होती. १८६५ साली युद्ध संपलं, अमेरिकी कापूस परतला, भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सट्ट्याचा बादशहासुद्धा कर्जबाजारी झाला.

शेतकऱ्याचं कर्ज मात्र भावाबरोबर उतरलं नाही. त्यातच सरकारने जमिनीची फेरपाहणी करून कित्येक तालुक्यांत शेतसारा वाढवला होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची कर्जखतं आणि वह्या काढून जाळल्या. ते लोण नगर जिल्ह्यात गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातून १८७९ सालचा शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला.

तोवर मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली होती, १८७० साली. कापसासाठी खामगाव-अमरावतीला रेल्वेचे फाटे पोचले होते. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात कळायला आता आठवडे लागत नव्हते. आज आपण मोबाइलवर शिकागोचा सोयाबीनचा भाव बघतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

मग १९९१ साली नेमकं काय झालं?

घरात रोख संपली. आखाती युद्धामुळे तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला, जुनी परदेशी कर्जं फेडायची होती. १९९१ च्या मध्याला देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. आधी २० टन सोनं विकलं, मग जुलैत सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवलं. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. २४ जुलैला पी. व्ही. नरसिंह राव सरकारचे अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण आलं: बहुतेक उद्योगांवरची परवान्याची अट उठली, आयातशुल्क उतरायला लागलं.

संकटात कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटी होत्या, हे खरंच आहे. पण स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणाऱ्या, फोनच्या जोडणीसाठी आमदाराची चिठ्ठी शोधणाऱ्या माणसाला त्या जुन्या व्यवस्थेचा लळा होता असंही नाही. बाहेरचा रेटा होता आणि आतली घुसमटही होती. एकच सांगितलं तर अर्धं सांगितल्यासारखं होईल.

देशाला फायदा झाला की तोटा?

देशाला म्हणजे कोणाला, हे आधी ठरवावं लागतं.

१९९० साली भारताची आयात आणि निर्यात मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्के होती. आता ती ४५ टक्क्यांच्या आसपास असते. या उघडेपणामुळे पुण्याचं हिंजवडी उभं राहिलं, चाकणच्या माळावर जगभरच्या मोटारी बनू लागल्या, नाशिकची द्राक्षं नेदरलँड्सच्या दुकानांत पोचली. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला आणि सुमारे ६७८ अब्ज डॉलरचा आयात केला. मालाच्या व्यापारात एवढी मोठी तूट असूनही १९९१ सारखी पाळी आली नाही, कारण सॉफ्टवेअर आणि इतर सेवांची निर्यात ३४० अब्ज डॉलरच्या घरात होती आणि परदेशी राहणारे आपले लोक घरी पैसे पाठवत होते.

पण बघा, सेवांच्या निर्यातीत शिरायला इंग्रजी आणि पदवी लागते. देशातले ४० टक्क्यांहून अधिक कामकरी हात अजून शेतीत आहेत, आणि तिथे तयार होतो राष्ट्रीय उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. पूर्व आशियातल्या देशांनी शेतीतली माणसं आधी कारखान्यांत नेली, शिवणयंत्रावर, जोडणीच्या पट्ट्यावर. बांगलादेशानेही तयार कपड्यांच्या जोरावर लाखो बायकांना पगार मिळवून दिला. आपण ती पायरी धडपणे चढलोच नाही. हिंजवडीला जाणारा रस्ता दहावी नापास मुलाच्या गावातून जातो, पण त्याला तिथे काम मिळतं ते रखवालदाराचं किंवा डिलिव्हरीचं. हा दोष मी सगळाच्या सगळा व्यापारावर टाकणार नाही. शाळा, वीज, रस्ते आणि लहान कारखान्याला मिळणारं कर्ज हे आपल्या हातात होतं.

मुंबईच्या कापडगिरण्या जागतिकीकरणाने बंद पाडल्या ना?

हे फार वेळा ऐकतो. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. तेव्हा परदेशी मालाला आपला बाजार बंदच होता, आयातशुल्काची भिंत उंच होती. गिरण्यांना खाल्लं ते जुन्या यंत्रांनी, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या स्वस्त यंत्रमागांनी आणि पुढे गिरणीच्या जमिनीला आलेल्या भावाने. गिरणगावाचं दुःख खरं आहे, पण त्याचं कारण वेगळं.

आयात स्वस्त असेल तर ग्राहकाचा फायदाच आहे. मग तक्रार कशाला?

खाद्यतेलाचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या प्रत्येकाच्या फोडणीत आहे.

१९८६ साली तेलबियांसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. बियाणं, हमीभाव, आयातीवर कडक ताबा, असं सगळं जुळून आलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली, पुढे शुल्क उतरत गेलं. आज आपल्या गरजेचं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं, वर्षाला सुमारे १६० लाख टन. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून.

ग्राहकाला तेल स्वस्त मिळालं, हे नाकारून चालणार नाही. ज्या घरात पूर्वी सणालाच तळण निघायचं तिथे ते रोज निघू लागलं. पण सोलापूर-मराठवाड्यातली करडई शेतातून निघून गेली, जवस आणि कारळं गेली, गावचा घाणा थांबला. आणि एकदा शेतकऱ्याने पीक सोडलं की त्याचं बियाणं, अवजार, मळणीची पद्धत, विकत घेणारा व्यापारी, सगळंच मोडतं. शुल्क पुन्हा वाढवून करडई दुसऱ्या वर्षी परत येत नाही.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा दुसरी बाजू कळली. सूर्यफूल तेल अडकलं. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीला इंडोनेशियाने स्वतःच्या ग्राहकांसाठी पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. म्हणजे आपण कांद्याची निर्यात अचानक थांबवून बांगलादेशाला जे करतो, ते तेव्हा आपल्या वाट्याला आलं.

सोयाबीनवर आयातशुल्क वाढवलं होतं, तरी भाव का वाढला नाही?

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं गेलं. लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याने आशा धरली. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं.

कारण सोयाबीन हे तेलापेक्षा पेंडीचं पीक आहे. १०० किलो दाण्यातून तेल निघतं १८-२० किलो, बाकी बहुतेक पेंड. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत. जगात ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त होती, आणि देशात मक्या-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. तेलावरच्या शुल्काने एका बाजूला आधार दिला, दुसरी बाजू मोकळीच राहिली. पुढे मे २०२५ मध्ये ते २० टक्के शुल्क १० टक्क्यांवर आणलं गेलं. पेरणीच्या तोंडावर. जूनमध्ये काय पेरायचं हे ठरवणाऱ्या माणसाने अशा वेळी काय हिशोब करावा, हे मला तरी सांगता येत नाही.

एकूण उत्पादनाच्या दहावा हिस्साही कांदा बाहेर जात नाही. मग निर्यातबंदीने भाव एवढा का पडतो?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बाजारात भाव ठरतो तो शेवटच्या गाड्यांवर. लासलगावात सकाळी हजार ट्रॅक्टर आले आणि गिऱ्हाईक साडेनऊशेंचंच असेल, तर राहिलेल्या पन्नासांमुळे सगळ्या हजारांचा भाव खाली येतो. ते पन्नास उचलणारा माणूस बहुधा निर्यातदार असतो. तो बाजारातून उठला की बोली लावणाऱ्यांचा हात आखडतो.

आता २०२३-२४ चा क्रम बघा. १९ ऑगस्ट २०२३: निर्यातीवर ४० टक्के शुल्क. २८ ऑक्टोबर: टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, म्हणजे त्याखाली बाहेर विकायला मनाई. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून. मार्चमध्ये ती पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबरला किमान किंमत हटली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. वीस महिन्यांत सात वेळा नियम बदलले.

डिसेंबरच्या बंदीनंतर काही दिवसांतच बाजार समित्यांमधले भाव जवळपास निम्म्यावर आले. त्या वेळी बाजारात होता खरिपाचा लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, पण त्यातही सड, मोड आणि वजनातली घट धरली की पाव हिस्सा तरी जातो, एखाद्या वर्षी त्याहून जास्त. म्हणजे वाट बघायची सोय कोणाला आहे यावर तोटा कोणाच्या पदरात पडणार हे ठरतं. व्यापाऱ्याकडे गोदाम असतं, निर्यातदाराला पुढचा सौदा असतो. दीड एकरवाल्याकडे असतं गावच्या पतपुरवठा सोसायटीचं कर्ज आणि ते फेडायची मार्चअखेर.

निर्यातशुल्क कोण भरतं, असंही विचारतात. कागदावर निर्यातदार. पण ढाक्याचा किंवा कोलंबोचा व्यापारी पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानचा भाव बघूनच पैसे मोजतो. त्याच्याकडून ४० टक्के वसूल होत नाहीत, म्हणून निर्यातदार ते लासलगावच्या बोलीतून कापून घेतो.

आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं ते वेगळंच. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अशीच अचानक बंदी आली, तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या कार्यक्रमात जाहीरपणे म्हटलं होतं की पुढच्या वेळी निदान आधी कळवत जा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा अचानक बंदी आली. त्यानंतर बांगलादेशाने स्वतःचं उत्पादन वाढवायचा ध्यास घेतला, आणि इतर देशांशी सौदे जुळवले. विश्वासू पुरवठादार म्हणून नाव व्हायला पंधरा वर्षं लागतात. ते एका अधिसूचनेत जातं.

पण कांदा १०० रुपये किलो झाला तर गरिबाने काय करायचं?

गरिबाचा विचार व्हायलाच हवा. मजुराच्या भाकरीवर कांदाच असतो, आणि १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार जाण्यात कांद्याचा वाटा मोठा होता, हे कोणताही पक्ष विसरलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्राहकाला दिलेल्या सवलतीचा पैसा सरकारी तिजोरीतून यावा, शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीतून कापला जाऊ नये. साठा सरकारने वेळेवर घ्यावा, आणि तो मेमध्ये चांगल्या भावाने घ्यावा. शुल्क लावायचंच तर भाव अमुक पातळीवर गेला की अमुक टक्के, असं कोष्टक पेरणीआधी जाहीर करावं आणि ते पाळावं. मग शेतकरी, निर्यातदार आणि ढाक्याचा व्यापारी तिघंही आपापला हिशोब मांडू शकतात. बाजार खुला ठेवायचा की राखायचा यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. रात्रीतून नियम फिरवायचा, याची बाजू मात्र मला कोणी पटवून दिलेली नाही.

श्रीमंत देश शेतीला भरमसाट अनुदान देतात आणि आपल्याला नको म्हणतात, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हाचे नियम श्रीमंत देशांच्या सोयीने बेतलेले होते. त्यांची जुनी अनुदानं नियमांतल्या वेगवेगळ्या ‘पेट्यांत’, म्हणजे वर्गांत, बसवून चालू राहिली. कापसाचं उदाहरण प्रसिद्ध आहे: २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी अमेरिकी अनुदानांविरुद्ध आवाज उठवला. ब्राझीलने अमेरिकेवर खटला भरला, जिंकला, आणि २०१४ मध्ये तो वाद ३० कोटी डॉलर देऊन मिटवला गेला. अमेरिकेच्या सरकारने ब्राझीलला पैसे दिले. विदर्भातल्या किंवा मालीतल्या शेतकऱ्याला काही मिळालं नाही.

पण याच प्रश्नाचं दुसरं अर्ध आपल्याला टोचणारं आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी १९८० च्या दशकापासून सांगत होते की भारतीय शेतकऱ्याला मिळतं ते उणे अनुदान: खतावर, विजेवर सरकार जे देतं त्याहून जास्त निर्यातबंदी, साठामर्यादा आणि स्वस्त आयातीतून काढून घेतं. म्हणूनच जागतिक व्यापार संघटनेचा पाया ठरलेल्या डंकेल प्रस्तावाच्या वेळी, बहुतेक संघटना विरोधात असताना, शेतकरी संघटना खुल्या बाजाराच्या बाजूने उभी राहिली. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संस्था अनेक वर्षं हाच हिशोब मांडते, आणि भारताचा आकडा सातत्याने उणेच येतो. जोशींची सगळी मतं मला मान्य नाहीत. निर्यातीच्या दाराला आतून कडी आहे, हे त्यांचं निदान मात्र आजही खरं ठरतं.

परदेशातून द्राक्षांचे कंटेनर परत का येतात? त्यांना आमचा माल नकोच असतो का?

कधी तपासणीचा नियम हा आयात रोखायचा मार्ग असतो, कधी तो खरोखर ग्राहकाच्या तब्येतीसाठी असतो, आणि शेतकऱ्याला दोन्ही सारखेच महाग पडतात.

२०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचा अंश सापडला. बागायतदार त्याला लिहोसीन म्हणून ओळखतात, वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला ते वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० हजार टन द्राक्षांत १ किलो. माल बंदरात अडकला, भाव कोसळला, कित्येक बागायतदारांचं वर्ष वाया गेलं. त्यानंतर तपासणीच्या यादीत भर पडली, नोंदणीकृत बाग, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला हे सगळं अंगवळणी पडलं.

नाशिकचे बागायतदार या कसोटीतून बाहेर पडले, आणि मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण वही ठेवणं, दाखला काढणं, शीतगृह, हे दोन एकरवाल्याला एकट्याने झेपत नाही. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते, ते एकत्र आल्यामुळेच. जिथे अशी संस्था नाही तिथे निर्यातीचा फायदा मोठ्या बागेतच थांबतो.

पेटंटचे नियम आपल्या विरोधात आहेत का?

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. आजीच्या बटव्यातल्या गोष्टीसाठी कागद दाखवावा लागला, पण कागद दाखवल्यावर जिंकलोही.

औषधांचं प्रकरण जास्त गंभीर. आपल्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर, म्हणजे खुद्द औषधावर, पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे भारतीय कंपन्या तीच औषधं वेगळ्या पद्धतीने स्वस्त बनवू शकल्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. बड्या कंपन्यांचा दर तेव्हा १० हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत त्यामुळे किती जीव वाचले असतील याचा विचार केला की ऊर भरून येतो. २००५ पासून जागतिक नियमांमुळे आपल्यालाही रेणूवर पेटंट द्यावं लागतं. तरी किरकोळ बदल करून जुन्याच औषधाची मक्तेदारी लांबवायला आपला कायदा नकार देतो, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरच्या एका औषधाच्या खटल्यात तेच कायम केलं. आता व्यापार करारांच्या वाटाघाटींत हे कलम सैल करावं म्हणून दबाव येतो. तिथे ढिलं पडू नये.

निर्यात वाढली की तो भाग समृद्ध होतो ना?

गोव्याला विचारा. पोर्तुगीज काळापासून लोहखनिज जपानला जायचं. २००० नंतर चीनने दुसऱ्या कोणाला नको असलेली हलक्या प्रतीची भुकटीही उचलायला सुरुवात केली. २०१०-११ च्या सुमाराला वर्षाला ४ कोटी टनांहून अधिक खनिज मुरगावच्या बाजूने बाहेर जात होतं. डिचोली, सत्तरी, सांगेत ज्याला त्याला ट्रक घ्यायचा होता, मांडवीत बार्जेसची रांग लागायची. शेतं लाल चिखलाने भरली, विहिरी आटल्या.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबलं. ट्रकांचे हप्ते थांबले नाहीत. पुढे चीनची मागणी ओसरून जगभर भाव पडले, म्हणजे बंदी नसती तरी घसरण होतीच. एकच वस्तू, एकच गिऱ्हाईक, आणि घर चालवायला दुसरं काही नाही, अशी निर्यात पाहुण्यासारखी येते आणि तशीच जाते.

रुपया घसरला तर निर्यातदार खूश आणि बाकीचे दुःखी, असंच ना?

ढोबळमानाने. पण ज्याच्या मालात आयातीचा भाग मोठा, त्याचा फायदा तिथेच जिरतो. कच्चं हिरे-सोनं, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, खतं बाहेरून येतात. कच्च्या तेलापैकी तर ८५ टक्क्यांहून अधिक आयात होतं, त्यामुळे डिझेलमार्गे झळ सगळ्यांनाच बसते.

भारत आरसेपमधून बाहेर का पडला?

आरसेप हा आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा मुक्त व्यापार करार. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने त्या करारात न जाण्याचं ठरवलं. चिनी मालाची धास्ती होतीच, पण आपल्याकडे मोठी चिंता होती न्यूझीलंडच्या दुधाची. त्यांचं बहुतेक दूध निर्यातीसाठीच असतं.

आयात नसतानाही जागतिक भाव आपल्या गोठ्यापर्यंत कसा येतो हे जुलै २०१८ मध्ये दिसलं. जगात दूध भुकटीचे भाव पडले, निर्यात थांबली, दूध संघांकडे भुकटीचे डोंगर साचले आणि गाईच्या दुधाचा दर पाण्याच्या बाटलीपेक्षा खाली गेला. आंदोलन झालं, सरकारला लिटरमागे पाच रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. संगमनेरच्या गोठ्यातल्या बाईला न्यूझीलंड कुठे आहे ठाऊक नसेल, पण तिच्या दहा दिवसांच्या दुधाच्या पगारात न्यूझीलंड असतं. म्हणून दुधाच्या बाबतीत मी सावधपणाच्या बाजूने आहे. सगळ्याच करारांच्या मात्र विरोधात नाही. जिथे आपला माल टिकतो तिथे दार उघडून घ्यायलाच हवं.

अमेरिकेच्या २०२५ मधल्या ५० टक्के शुल्काचा विदर्भाशी काय संबंध?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले दागिने घडवणारे कारागीर, कोळंबी प्रक्रिया करणारे, कपडे शिवणारे एका फटक्यात अडचणीत आले. कपडा उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी यवतमाळ-अकोल्यात वेचणी चालू असते त्या महिन्यांत. मध्यम धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ७,७१० रुपये, आणि खुल्या बाजारात कापूस त्याच्या खाली.

शुल्क वॉशिंग्टनने लावलं, कपड्याच्या कारखान्याला लागलं, आणि त्याची भरपाई वेचणीच्या वेळी कापसाच्या भावातून झाली. कपडा उद्योगाला मदत हवीच होती. ती व्याजात, करात, थेट पैशात देता आली असती.

मी शेतमाल उत्पादक कंपनी चालवतो. निर्यात करायची तर कशावर लक्ष ठेवू?

आयात-निर्यात कोड काढा, म्हणजे आयईसी. तो आता पॅन क्रमांकाच्याच आधारे मिळतो आणि काम ऑनलाइन होतं. शेतमाल असेल तर अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी करा. आपल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक, पाठ असू द्या, कारण शुल्क आणि बंदी त्याच आकड्यावर लागते.

निर्यात खुली की बंद हे विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना ठरवते, शुल्क सीमाशुल्क खात्याची. दोन्ही रोज बघायची सवय लावा. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर विसंबू नका, जुन्या अधिसूचना नव्या म्हणून फिरतात. बंदीच्या अधिसूचनेत बहुतेक वेळा एक परिच्छेद असतो: जहाजात माल चढायला सुरुवात झाली असेल किंवा सीमाशुल्क खात्याकडे माल सोपवला असेल तर तो जाऊ द्यावा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये असाच परिच्छेद होता. त्यामुळे माल कोणत्या तारखेला, किती वाजता कोणाच्या ताब्यात दिला, याची पावती फाइलला लावून ठेवा.

खरेदीदाराशी करार करताना, सरकारी बंदी आली तर आगाऊ रकमेचं काय होईल, अडकलेल्या कंटेनरचं भाडं कोण देईल, हे आधी लिहून घ्या. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. द्राक्षासाठी एवढे दिवस म्हणजे निम्मं आयुष्य. त्या काळातलं जादा भाडं कोणाच्या खात्यावर पडलं, हे प्रत्येक करारातल्या त्या एका ओळीवर ठरलं.